एका पत्त्यामागे बत्तीस घरं

२०१९ च्या मार्चअखेरीला, सकाळी साडेनऊच्या सुमारास, आमच्या एका ग्राहक पतसंस्थेचा फोन आला. मॅनेजरसाहेबांचा आवाज चढलेला. मुख्य शाखेचं नेट चालू होतं, गूगल उघडत होतं, पण बँकिंगचं सॉफ्टवेअर काही केल्या उघडत नव्हतं. ते सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी आपल्या सर्व्हरवर ठरावीक आयपी पत्त्यांनाच (इंटरनेटवरच्या जोडणीचा ओळखक्रमांक) आत घेते, आणि पतसंस्थेचा पत्ता आदल्या रात्री बदलला होता. बदलणारा मीच. साठ स्टॅटिक, म्हणजे एरवी न बदलणारा पत्ता घेतलेल्या, ग्राहकांचे पत्ते एका रात्रीत बदलायचे होते. त्या साठांत कुणाचं मार्चएंड आहे, हे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुपारपर्यंत मी त्या शाखेत बसून होतो. बाहेर ठेवीदारांची रांग, आत मी सॉफ्टवेअर कंपनीच्या हेल्पलाइनवर, आणि शिपाई दर वीस मिनिटांनी चहा आणून ठेवत होता. तो मला टोचून आणतोय की आपुलकीनं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आमची कंपनी छोटी. कराड-पाटण पट्ट्यात आधी केबल टीव्ही, मग त्याच खांबांवरून फायबरचं इंटरनेट. परवाना क वर्गाचा, म्हणजे सातारा एसएसएपुरता (एसएसए म्हणजे दूरसंचार खात्याचा साधारण जिल्ह्याएवढा विभाग). अ वर्गवाला देशभर धंदा करू शकतो, ब वर्गवाला एका सर्कलमध्ये, आणि आमच्यासारखे आपापल्या जिल्ह्याच्या कुंपणात. मालकांना सगळे दादा म्हणतात. स्प्लायसिंग करणारी, खांबावर चढणारी पोरं दहा-बारा, ऑफिसात वसुली बघणाऱ्या दोन ताई, आणि राउटरला हात लावणारा मी एकटा. तेव्हा चौदाशे कनेक्शन होती.

पत्ते का बदलावे लागले, याचं कारण साधं होतं. आम्ही ज्या मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ घ्यायचो तिचा दर परवडेना, म्हणून दादांनी ती सोडून नवी अपस्ट्रीम, म्हणजे बँडविड्थ पुरवणारी वरची कंपनी, धरली. जुन्या कंपनीनं बँडविड्थबरोबर दिलेले २५६ पत्ते तिचेच होते. कनेक्शन तोडल्यावर तेही परत गेले. आमच्या धंद्यात याला नॉन-पोर्टेबल म्हणतात: ज्याची लाइन त्याचे पत्ते, लाइन गेली की पत्ते गेले.

हे मी दादांना संध्याकाळी समजावत होतो. त्यांनी मध्येच थांबवलं.

“म्हणजे खंडानं केलेलं रान म्हण की. विहीर आपण पाडायची, आन मालक म्हणला उठ, की उठायचं.”

“तसंच, दादा.”

“मग आपल्या नावचा सातबारा कुठं निघतो ते बघ.”

तो निघतो आयरिनमध्ये. इंडियन रजिस्ट्री फॉर इंटरनेट नेम्स अँड नंबर्स. दिल्लीच्या निक्सीच्या (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) छत्राखाली २०१२ पासून चालणारी ही नोंदणी संस्था. तिच्या वरची पायरी म्हणजे आशिया-पॅसिफिकची एपनिक, आणि एपनिकसारख्या जगात एकूण पाच. सगळ्यांच्या वर आयाना, जगभरच्या पत्त्यांचं मूळ कोठार सांभाळणारी. पत्ते या उतरंडीनं खाली येतात आणि प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारला जातो: कशाला हवेत?

दादांचा त्याआधीचा प्रश्न मात्र वेगळा होता. “नंबर संपले म्हणतोस, म्हणजे काय? नंबर कधी संपत्यात व्हय?”

आयपीव्ही४ म्हणजे पत्त्यांची जुनी, रुळलेली पद्धत. तिचा पत्ता ३२ बिटांचा. त्यातून सगळे मिळून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होतात, त्यापुढं एकही नाही. सुरुवातीच्या काळात ते मुक्त हस्तानं वाटले गेले. अमेरिकेतल्या एमआयटी या एका विद्यापीठाकडे १८ नं सुरू होणारे सगळे, म्हणजे १ कोटी ६७ लाखांवर पत्ते होते. २०१७ मध्ये त्यांनी त्यातला मोठा हिस्सा विकायला काढला, तो अ‍ॅमेझॉननं घेतला. फोर्ड मोटारवाल्यांनाही तेवढाच एक गठ्ठा मिळाला होता. ३ फेब्रुवारी २०११ ला आयानाच्या कोठारातले शेवटचे पाच गठ्ठे पाच संस्थांना एकेक वाटून झाले. एपनिकच्या वाट्याला आला १०३ चा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एपनिकनं जाहीर केलं की आता आम्हीही शेवटच्या पोत्याला हात घातलाय, यापुढं प्रत्येकाला मापूनच मिळेल. आपल्याकडच्या छोट्या आयएसपींचे (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांचे) पत्ते बहुतेक १०३ नं का सुरू होतात, त्याचं कारण हे. पंगत उठता उठता आलेल्यांचं ते ताट आहे.

माप किती? गठ्ठ्याचा आकार स्लॅशनं सांगतात, आकडा एकानं वाढला की पत्ते निम्मे. आधी कमाल एक स्लॅश बावीस, म्हणजे १०२४. फेब्रुवारी २०१९ मध्ये ते निम्मं झालं, स्लॅश तेवीस, ५१२. आम्ही अर्ज केला त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर. नऊ महिने आधी जागे झालो असतो तर दुप्पट मिळाले असते. दादा अजून अधूनमधून ते काढतात.

दरम्यान एक दलाल भेटला होता. फोनवर हिंदीत गोड बोलायचा. “सर, लीज पे ले लो, दो दिन में चालू.” महिन्याच्या भाड्यानं २५६ पत्ते. नड होती म्हणून तीन महिने घेतले. पहिल्याच आठवड्यात एका वकीलसाहेबांचे ईमेल पोचेनात, कारण त्या पत्त्यांवरून आधी कुणीतरी भरपूर स्पॅम पाठवलं होतं आणि ते सगळ्या काळ्या याद्यांत होते. शिवाय आमचे निम्मे ग्राहक ओटीटीवाल्यांना परदेशात बसलेले दिसत होते. क्रिकेटची मॅच लागेना. पाटणच्या एका आजोबांनी मला विचारलं, “आमी कुठल्या देशात हाय म्हणतंय त्ये?” पत्त्याला पूर्वायुष्य असतं, हे तेव्हा कळलं.

अर्जाचं काम मी सोपं समजलो होतो. परवान्याची प्रत, कंपनी नोंदणीची कागदपत्रं, जीएसटी, सहीचे अधिकार कुणाला याचा ठराव, हे आमच्या सीएंनी दोन दिवसांत दिलं. मी फॉर्म भरला, ‘गरज: ५१२ पत्ते, ग्राहकवाढीसाठी’ असं एक वाक्य लिहिलं आणि पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आलं. त्यात अकरा प्रश्न होते.

आत्ता वापरात किती पत्ते आहेत आणि कशासाठी? ग्राहक किती, त्यातले स्टॅटिक किती? राउटर कोणते, त्यांची बिलं कुठं आहेत? नेटवर्कचा नकाशा. दोन्ही अपस्ट्रीमची पत्रं. वर्षभरात कोणत्या गावात किती कनेक्शन वाढणार आणि ते कशावरून? प्रत्येक भागाला किती पत्ते, आणि तेवढेच का?

आधी राग आला. पैसे भरतोय, पत्ते द्या आणि मोकळे व्हा, असं वाटलं. खरं तर पैसे पत्त्यांचे नसतातच. ते सभासदत्वाचं वार्षिक शुल्क असतं. पत्ते तुमच्या मालकीचे होत नाहीत, गरज आहे तोवर तुमच्या नावावर नोंदवले जातात. त्या अकरा प्रश्नांची उत्तरं लिहिताना मात्र एक लाजिरवाणी गोष्ट लक्षात आली. चौदाशे ग्राहकांच्या नेटवर्कमध्ये कुठला पत्ता कुणाकडे आहे, याची एकही धड यादी आमच्याकडे नव्हती. थोडं माझ्या डोक्यात, थोडं राउटरच्या कॉमेंटमध्ये, थोडं एका ताईंच्या वहीत. त्या वहीत एक पत्ता दोघांच्या नावावर होता, आणि दोघांची तक्रार होती की नेट मध्येच तुटतं. सात महिने मी त्यांच्याकडे केबल बदलत होतो.

मग बसून आराखडा केला. ५१२ चे तीन तुकडे. २५६ पत्ते स्टॅटिक ग्राहकांसाठी. १२८ घरगुती ग्राहकांच्या सामायिक पूलसाठी. उरलेले १२८ आमच्या स्वतःच्या राउटरसाठी, सर्व्हरसाठी आणि पुढच्या वाढीसाठी. मधल्या काळात आणखी एक अपस्ट्रीम पुण्याहून घेतली होतीच, त्यामुळं एएस नंबरचा, म्हणजे इंटरनेटवर स्वतंत्र नेटवर्क म्हणून ओळख देणाऱ्या क्रमांकाचा, अर्जही जोडीनं टाकला. एकाच अपस्ट्रीमवर लटकलेल्याला स्वतःच्या एएस नंबराची गरज सहसा नसते. दोन फेऱ्या झाल्या, एकदा फोन झाला. फोनवरच्या मॅडमनी आमचा नकाशा खरोखर वाचलेला होता. त्यांनी विचारलं, “ये उंब्रज का पीओपी दो जगह क्यों दिखाया है?” पीओपी म्हणजे आसपासच्या जोडण्या एकत्र येतात ती आमची जागा. ती दोनदा दिसणं ही माझी कॉपी-पेस्टची चूक होती.

जानेवारी २०२० मध्ये मेल आला. एक स्लॅश तेवीस, एक एएस नंबर, आणि जोडीला आयपीव्ही६ चा, म्हणजे पत्त्यांच्या नव्या, कितीतरी मोठ्या पद्धतीचा, एक स्लॅश बत्तीस. दादांनी ऑफिसात पेढे वाटले. वसुलीच्या ताईंनी विचारलं, “नक्की काय आलंय?” दादा म्हणाले, “नंबर आल्यात.” “मोबाइलचे?” “त्याच्या वरचे.”

पेढे मात्र जरा घाईनं वाटले गेले. पत्ते नावावर झाले म्हणजे जगाला ते आमच्याकडे सापडतात असं नाही. ते आमच्या राउटरनं बीजीपीतून, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना रस्ते सांगायच्या भाषेतून, जाहीर करावे लागतात, आणि हे पत्ते जाहीर करायचा हक्क याच एएस नंबराला आहे अशी सही केलेली नोंदही करावी लागते. तिला रोआ म्हणतात. तिची गरज का पडली, हे २००८ च्या फेब्रुवारीत जगानं पाहिलंय. पाकिस्तान टेलिकॉमला देशापुरतं यूट्यूब बंद करायचं होतं. त्यांनी यूट्यूबचे २५६ पत्ते आपलेच म्हणून जाहीर केले, ती घोषणा बाहेर गळली आणि जगभरचं यूट्यूब दोनेक तास तिकडं वळलं.

मी रोआ केली, स्लॅश तेवीसची. महिन्याभरानं दोन्ही अपस्ट्रीमवर लोड सारखा वाटावा म्हणून मी तो तुकडा मोडून दोन स्लॅश चोवीस जाहीर केले आणि रोआला हात लावला नाही. तिच्यात मी कमाल लांबी तेवीसच लिहिली होती. झालं काय, की सही तपासणाऱ्या नेटवर्कांना आमची घोषणा खोटी दिसायला लागली आणि त्यांनी ती टाकून दिली. न तपासणाऱ्यांकडे सगळं सुरळीत. म्हणजे काही साइट उघडतात, काही नाहीत, आणि यात सूत्र कुठलंच दिसत नाही. दीड दिवस मी डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) तपासत बसलो होतो. दुरुस्ती एका आकड्याची होती, तेविसाचा चोवीस.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. पुण्या-मुंबईची पोरं लॅपटॉप घेऊन गावाकडं आली आणि सहा महिन्यांत आम्ही चौदाशेवरून छत्तीसशेवर गेलो. आराखड्यातलं ‘वर्षभरात किती वाढणार’ हे उत्तर बघून मला आता हसू येतं.

छत्तीसशे घरांना १२८ पत्ते पुरवायचे, तर ते वाटूनच वापरावे लागतात. घराघरांतल्या राउटरला आम्ही १००.६४ नं सुरू होणारा आतला पत्ता देतो. याच कामासाठी २०१२ मध्ये ही वेगळी पट्टी राखून ठेवली गेली, कारण १९२.१६८ वगैरे लोकांच्या घरात आधीच वापरात असतात आणि दोन्हींची टक्कर होते. मग आमच्या मोठ्या राउटरवर कित्येक घरं एकाच बाहेरच्या पत्त्याच्या मागं उभी राहतात. हे सीजीनॅट. कोण कुठलं, हे पोर्ट नंबरावरून, म्हणजे पत्त्याला जोडून येणाऱ्या एकेका कनेक्शनच्या आकड्यावरून, ठरतं. एका पत्त्याला ६५,५३६ पोर्ट. पहिले १,०२४ सोडले तर उरतात ६४,५१२. मी हिशेब केला: एका पत्त्यामागं ६४ घरं, प्रत्येकाला १,००८ पोर्टांचा एक ठोकळा. कागदावर देखणा दिसत होता.

मे महिन्यात एका ताईंची तक्रार आली. नकाशा उघडला की त्याचे अर्धे चौकोन कोरे राहतात. दुसरीकडं मुलांची शाळा झूमवर चालू असताना वडिलांचं यूपीआय अडकायचं. स्पीड तर पूर्ण येत होता. मी दोनदा ओएनयू (घरात बसवलेला फायबरचा डबा) बदलून दिला. शेवटी राउटरवर पाहिलं, तर त्या घराचे हजारच्या हजार पोर्ट संपले होते. टीव्ही, चार मोबाइल, दोन लॅपटॉप. एकेक वेबपान एकाच वेळी डझनावारी कनेक्शन उघडतं, आणि ठोकळा भरला की पुढचं कनेक्शन मुकाट्यानं मरतं. कुठं एररसुद्धा येत नाही. म्हणून ६४ चे ३२ केले, ठोकळा २,०१६ चा झाला. तेव्हापासून आमच्याकडे एका पत्त्यामागं बत्तीस घरं असतात.

स्टॅटिक पत्ते कुणाला द्यायचे, याचे नियमही याच काळात बसले. त्याआधी नियम होता ‘दादांच्या ओळखीचा असेल तर दे’. आता ग्राहकानं कारण लिहून द्यायचं. शाखा जोडायचा व्हीपीएन, स्वतःचा सर्व्हर, बाहेरून बघायचे कॅमेरे, गेम खेळताना ‘नॅट स्ट्रिक्ट’ येतं, काहीही चालेल, पण कारण हवं. घरी एकच पत्ता. संस्थेला गरजेप्रमाणे. आठ पत्ते दिले की त्यातला पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा आणि एक आमच्या गेटवेचा जातो, ग्राहकाच्या हाती पाचच उरतात. आणि चारपेक्षा मोठा तुकडा कुणालाही दिला, की तो कुणाला दिला हे रजिस्ट्रीत नोंदवायचं बंधन आहे. चार किंवा त्याहून कमी असतील तर नोंदवायचं की नाही ते आम्ही ठरवायचं. ही नोंद जगाला उघडी दिसायलाच हवी असं नाही, पण असायला हवी.

एका कारखान्याच्या आयटीवाल्यानं सोळा पत्ते मागितले होते.

“सोळा कशाला?”

“कॅमेरे सोळा आहेत ना.”

त्याच्या सोळा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एकाच डब्यात होत होतं. एक पत्ता पुरेसा होता, आणि खरं म्हणजे तो डबाही उघड्या इंटरनेटवर ठेवू नये. मी तसं सांगितलं. त्याला वाटलं मी कंजुषी करतोय. त्यानं थेट दादांना फोन लावला. पूर्वीचे दादा असते तर सोळा देऊन मोकळे झाले असते. या वेळी ते म्हणाले, “आमाला वर हिशेब द्यावा लागतोय, साहेब.” मला त्या अकरा प्रश्नांची आठवण झाली. तोच प्रश्न एक पायरी खाली उतरला होता.

आयपीव्ही६ ची कहाणी मात्र उलटी. इथं काटकसर हीच चूक. आम्हाला मिळालेल्या एका स्लॅश बत्तीसातून घरटी स्लॅश छप्पन द्यायचा म्हटलं तरी १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ घरं होतात. एमआयटीकडं जेवढे पत्ते होते तेवढी, कारण दोन्हीकडं २४ बिटच उरतात. पण आयपीव्ही४ नं लागलेली सवय. मी प्रत्येक घराला एकच स्लॅश चौसष्ट दिला. त्यातही कल्पनेपलीकडचे पत्ते असतात, मग आणखी कशाला, असा विचार. पण स्लॅश चौसष्ट म्हणजे घरातलं एकच नेटवर्क. एका डॉक्टरांनी दवाखान्यात पेशंटसाठी वेगळं गेस्ट वायफाय लावलं, तर त्यावर आयपीव्ही६ येईचना, कारण त्यांच्या राउटरला वाटायला दुसरा तुकडाच नव्हता. २०११ चा आरएफसी ६१७७ हा इंटरनेटचा मार्गदर्शक दस्तऐवज नेमकं हेच सांगतो: सगळ्यांना सरसकट स्लॅश अठ्ठेचाळीस द्यायची गरज नाही, पण एका घराला एकापेक्षा जास्त नेटवर्कांइतकी जागा सहज मिळाली पाहिजे. मी तो वाचला होता, फक्त मनावर घेतला नव्हता. आता घराला स्लॅश छप्पन, संस्थेला अठ्ठेचाळीस.

दुसरी चूक लोडशेडिंगनं दाखवली. वीज गेली-आली की घराला नवा तुकडा मिळायचा. घरातल्या टीव्हीला, प्रिंटरला जुना पत्ता काही काळ लक्षात राहायचा आणि ते मुके व्हायचे. आमच्याकडं दिवसातून दोनदा वीज जाते. मग प्रत्येक ग्राहकाचा तुकडा त्याच्या लॉगिनला कायमचा बांधून टाकला. दूरसंचार विभागानं ३१ डिसेंबर २०२२ नंतरचं प्रत्येक नवं घरगुती वायर्ड कनेक्शन आयपीव्ही६ चालणारंच हवं, असं बजावलं होतं. त्या तारखेला आम्ही पोचलो, पण स्वस्तातले जुने दोनशे ओएनयू भंगारात काढून.

आता पोलिसांच्या पत्राबद्दल. पहिलं आलं २०२१ मध्ये. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ ची नोटीस, दुसऱ्या जिल्ह्यातल्या सायबर ठाण्याची. फसवणुकीचा गुन्हा, एक आयपी पत्ता, तारीख आणि वेळ. ‘सदर पत्ता वापरणाऱ्या इसमाचे नाव व पत्ता कळवावा.’ पोर्ट नंबर नाही. मी लॉग काढला. त्या मिनिटाला त्या पत्त्यामागं सत्तावीस घरं ऑनलाइन होती.

फोनवरच्या हवालदारांचा प्रश्न रास्त होता. “एक पत्ता म्हणजे एक घर ना, साहेब?”

मी म्हटलं, चाळीतला सामायिक दरवाजा समजा. आत सत्तावीस खोल्या. खोलीचा नंबर पोर्टमध्ये असतो. ज्या वेबसाइटवर गुन्हा घडला तिच्याकडून पोर्ट मागवा. त्यांनी मागवला. त्या वेबसाइटनं पोर्ट नोंदवलाच नव्हता. सर्व्हरवाल्यांनी पत्त्याबरोबर पोर्टही टिपून ठेवावा, ही शिफारस २०११ पासून आहे, पण ती कागदावरच. आम्ही तसं लेखी कळवलं. सत्तावीस नावं द्यायची की नाही यावर दादा आणि मी रात्री बराच वेळ बोललो. वकिलांना विचारून, ‘निश्चित ग्राहक सांगता येत नाही, पोर्ट मिळाल्यास त्वरित कळवू’ असं उत्तर गेलं. पुढं काही आलं नाही.

त्या प्रकारानंतर मी लॉगकडं जरा भीतीनं बघायला लागलो. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याची अट बदलली, नोंदी ठेवायची मुदत एक वर्षाची दोन वर्षं झाली. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे निर्देश आले, त्यात घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितली होती. मी आमची तपासली. लॉग सर्व्हर सात मिनिटं मागं होता. पोर्टांचा ठोकळा कुणीतरी ऑफलाइन गेलं की दुसऱ्याला जातो. सात मिनिटांत कोणाचं काय कुणाच्या नावावर लागलं असतं, याचा विचार करायलाही नको. डिस्कचा खर्च पाहून कुरकुर करणाऱ्या दादांनी त्या दिवशी नवीन सर्व्हरच्या कोटेशनवर न बोलता सही केली.

दुसरी नोटीस २०२४ च्या ऑगस्टमध्ये आली. आता कलम ९४, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, हा नवा कायदा लागून महिना झाला होता. या वेळी पत्ता होता, पोर्ट होता, तारीख होती, वेळ होती, १४:३२. मला खरं तर बरं वाटलं. शोधलं, एक ओळ सापडली, एकच घर. पाटण रस्त्याला राहणारे निवृत्त मुख्याध्यापक. मी उत्तराचा मसुदा केला, लेटरहेडवर घेतला, नाव टाइप केलं, मोबाइल टाकला. सरांची मुलगी अमेरिकेत, घरी दोघंच. दुपारी अडीच वाजता ते काय करत असतील, असं मनात आलं आणि मी पुन्हा नोटीस उघडली. सोबत त्या परदेशी कंपनीच्या उत्तराची प्रत जोडलेली होती. वेळेच्या पुढं बारीक अक्षरात लिहिलं होतं, यूटीसी. म्हणजे जागतिक प्रमाणवेळ.

साडेपाच तास मिळवले. रात्री आठ वाजून दोन मिनिटं. तोच पत्ता, तोच पोर्ट, पण तोपर्यंत ठोकळा दुसऱ्याकडं गेला होता. दुसरं गाव, दुसरं नाव. मसुदा फाडून नवीन केला. वेळ दोन्ही प्रकारे लिहिली, यूटीसी आणि भारतीय, शब्दांतसुद्धा. तेव्हापासून कुठलंही उत्तर एकट्याच्या सहीनं जात नाही. लॉग मी काढतो, आणि वसुलीच्या त्याच ताई, ज्यांच्या वहीत एक पत्ता दोघांच्या नावावर होता, त्या स्वतंत्रपणे पुन्हा काढतात. दोघांची ओळ जुळली तरच पत्र बाहेर पडतं.

दिवाळीत सरांच्या घरचं वायफाय चालेना म्हणून तक्रार आली. पोरं सुट्टीवर होती, मीच गेलो. उंदरानं केबल कुरतडली होती. सरांनी चिवडा-लाडू समोर ठेवले आणि मुलीशी व्हिडिओ कॉल लागेपर्यंत मला उठू दिलं नाही.